गोल्फच्या चेंडूचे कवच

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगाव शहरात बिबट्या शिरला होता, ही गोष्ट आपल्यापैकी कोणीच विसरले नसेल. प्रथम तो जाधव नगरात दिसला आणि मग गोल्फ मैदानाच्या झाडीत दडला. आसपासच्या वीसहून अधिक शाळांना सुट्टी द्यावी लागली, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणावे लागले, आणि एवढे करूनही बिबट्या शेवटपर्यंत हाती लागला नाही. मी तेव्हा पी. यू. सी. ला होतो. खरे सांगायचे तर बेळगावात गोल्फचे मैदान आहे हेच मला आणि माझ्या खानापूरच्या मित्रांना त्या बिबट्यामुळे कळले. तोपर्यंत गोल्फ म्हणजे सिनेमातल्या श्रीमंत बापाने खेळायचा खेळ, एवढीच आमची समजूत होती.

बिबट्याचे प्रकरण निवळल्यावर काही महिन्यांनी माझा मावसभाऊ एक चेंडू घेऊन घरी आला. तो उद्यमबागेत एका प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर काम करतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. मैदानाच्या कुंपणाबाहेर, गटारीच्या कडेला त्याला तो चेंडू सापडला होता. मोठ्या लिंबाएवढा, पांढरा, अंगभर खळगे असलेला. कंपनीचे नाव पुसून गेलेले. दादाने तो फरशीवर टाकला तसा उसळून थेट कपाटाखाली गेला. बाबांनी तो काढला, हातात घेऊन अंगठ्याने सगळीकडून चाचपला आणि विचारले, “ह्याचा सांधा कुठं हाय रे?”

बाबांनी आयुष्याची बावीस वर्षे खानापूर भागातल्या एका कौलाच्या कारखान्यात साच्यावर काम केले. तो कारखाना आता बंद आहे. साच्यातून निघालेल्या वस्तूला सांधा असतोच. तो पुसता येतो, पण नाहीसा करता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक. ह्या चेंडूवर मात्र त्यांना तो सापडेना. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विज्ञान दहावीलाच सोडलेले. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे कळले, ते येथे मांडतो. चुकभूल विज्ञानाच्या प्राध्यापकांनी पदरात घ्यावी.

पिसे, चीक आणि विष्णूची मूर्ती

गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे चेंडू कातड्याचा असे. ओल्या कातड्याची लहानशी पिशवी शिवायची, उकळून मऊ केलेली पिसे तीत ठासून भरायची आणि तोंड शिवून टाकायचे. वाळताना कातडे आकसे, पिसे फुलत, आणि चेंडू दगडासारखा घट्ट होई. कसबी कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चार चेंडू होत. सेंट अँड्रूज गावच्या अ‍ॅलन रॉबर्टसन याच्या दुकानात १८४४ साली २,४५६ चेंडू तयार झाल्याची नोंद आहे. हा रॉबर्टसन त्या काळचा नामांकित खेळाडूही होता. पण कातडे पावसात भिजले की चेंडू जड होई, शिवण उसवे, आणि एवढ्या मेहनतीचा चेंडू स्वस्त कसा असणार?

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलाया, सुमात्रा, बोर्निओ ह्या भागांतील एका झाडाचा चीक. तो ऊन पाण्यात टाकला की कणकेसारखा मऊ होतो आणि थंड झाला की कडक. रॉबर्ट पॅटरसन नावाच्या तरुणाला ह्या चेंडूचे श्रेय देतात. त्याच्या घरी पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती पेटीतून आली. ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते. तेच मऊ करून त्याने चेंडू वळला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, पिसांच्या चेंडूचे दिवस भरले एवढे खरे. गटापर्चाचा चेंडू साच्यात दाबला की झाला. भिजत नाही, उसवत नाही, आणि वाकडा झाला तर पुन्हा ऊन पाण्यात घालून गोल करता येतो. किंमत एकदम उतरली, आणि ज्यांना पूर्वी चेंडू परवडत नव्हता असे लोक खेळू लागले.

रॉबर्टसनला हा बदल रुचला नाही. त्याच्याच दुकानात काम करणारा टॉम मॉरिस एकदा गटापर्चाच्या चेंडूने खेळताना आढळला. त्यावरून दोघांचे बिनसले आणि मॉरिसने वेगळे दुकान थाटले. पुढे काही वर्षांतच रॉबर्टसनलाही गटापर्चाचे चेंडू करावे लागले. पिसे भरण्याचे कसब मात्र कोणाच्याच उपयोगाचे राहिले नाही.

ह्या गटापर्चाचा आपल्याशीही संबंध येतो. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना पाणी लागू नये म्हणून त्यावर गटापर्चाचेच वेष्टन असे. १८७० मध्ये मुंबई ते एडन आणि पुढे सुएझ अशी तार समुद्रतळावर टाकली गेली, तिच्यावरही हेच वेष्टन होते. ह्या मागणीपायी हजारो झाडे तोडली गेली. सिंगापूर बेटावरची झाडे तर काही वर्षांतच संपली. आपल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानातही त्याच वंशातले एक झाड वाढते. त्याला इंग्रजीत ‘हिंदी गटापर्चा’ म्हणतात, पण त्याचा चीक हलक्या प्रतीचा.

खळगे कशासाठी?

गटापर्चाचे पहिले चेंडू गुळगुळीत होते आणि ते नीट उडत नसत. खेळाडूंच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. नव्या कोऱ्या चेंडूपेक्षा काठ्यांचे घाव खाऊन खरबरीत झालेला जुना चेंडू लांब आणि सरळ जातो. मग कारागीर नवा चेंडूच हातोडीने ठोकून त्यावर खुणा पाडू लागले. पुढे साच्यातच तुतीच्या फळासारखे उंचवटे येऊ लागले. १९०५ मध्ये लिस्टरच्या विल्यम टेलर याने हे उलटे केले. उंचवट्यांऐवजी खळगे पाडलेल्या चेंडूचे त्याने पेटंट घेतले. आज गोल्फच्या चेंडूवर खळगेच असतात. त्यांची संख्या साधारण तीनशे ते पाचशेच्या दरम्यान असते आणि खोली जेमतेम पाव मिलिमीटर.

ह्यामागचे कारण असे आहे. चेंडू हवेतून जाताना त्याच्या अंगाला हवेचा एक पातळ थर चिकटून वाहतो. गुळगुळीत चेंडूवरून हा थर लवकर सुटतो आणि चेंडूच्या मागे एक मोठी पोकळी पडते. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे चेंडू जणू मागे ओढला जातो. खळग्यांमुळे अंगालगतची हवा घुसळली जाते, ती चेंडूला अधिक वेळ धरून राहते आणि मागची पोकळी लहान होते. शिवाय काठीचा फटका बसताच चेंडू उलटी फिरकी घेतो, म्हणजे त्याचा वरचा भाग मागे फिरत असतो. ह्या फिरकीने हवा खाली ढकलली जाते आणि चेंडू वर उचलला जातो. खळग्यांमुळे ही पकड वाढते. त्याच फटक्याने गुळगुळीत चेंडू खळग्यांच्या चेंडूच्या निम्म्याएवढाच लांब जातो. तेव्हा कवच हे नुसते झाकण नव्हे. चेंडूचे उडणेच त्यावर अवलंबून असते.

चिकाची जागा पॉलिमरने घेतली

१८९८ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने रबराचा ताणलेला धागा गुंडाळून चेंडूचा गाभा तयार केला आणि त्यावर गटापर्चाचे कवच चढवले. १९०२ साली सँडी हर्ड याने ब्रिटनची ‘ओपन’ स्पर्धा ह्याच चेंडूने जिंकली, आणि नुसत्या गटापर्चाचा चेंडू मागे पडला. पुढे कवचासाठी बलाटा वापरू लागले. हाही एका दक्षिण अमेरिकी झाडाचा चीक. बलाटाचे कवच मऊ आणि फिरकीला उत्तम; पण काठीची कडा चुकीची बसली की चेंडूला ओठासारखी चीर पडे आणि चेंडू बाद होई. एका खेळात दोन-तीन चेंडू वाया जाणे ही नित्याची गोष्ट होती.

ह्या तक्रारीवर उपाय रसायनशाळेतून आला. ड्यू पॉन्ट कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘सर्लिन’ नावाचे पॉलिमर काढले. त्या दशकाच्या अखेरीस त्याची कवचे चेंडूवर चढू लागली. ह्या वर्गाला आयोनोमर म्हणतात. पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी. आपण ज्या पिशव्या वापरतो त्या पॉलिथिनची साखळी इथिलीनच्या रेणूंची असते. आयोनोमरच्या साखळीत इथिलीनबरोबर मधूनमधून एका आम्लाचे रेणू गुंफलेले असतात आणि त्यांना सोडियमचे किंवा जस्ताचे भारित कण जोडलेले असतात. हे कण एकमेकांजवळ गोळा होऊन साखळ्यांना जागोजागी गाठी मारतात. म्हणून सर्लिन चिवट असते, सहजी चिरत नाही. तापवले की ह्या गाठी सैल होतात आणि पदार्थ वाहू लागतो. थंड झाला की पुन्हा बसतात.

ज्यांचे घर आपल्या भागातल्या कुंभारवाड्याजवळ आहे त्यांना पुढचा भेद लगेच कळेल. कच्चे मडके मोडले तर भिजवून त्याची पुन्हा माती करता येते. भाजलेल्या खापराची माती होत नाही. पॉलिमरचेही असेच दोन वर्ग आहेत. सर्लिन गुळासारखे. तापवा, ओता, थिजू द्या, पुन्हा तापवा. चेंडूच्या आतले रबर मात्र भाजलेल्या खापरासारखे. एकदा भट्टीतून निघाले की त्याचे रूप कायमचे ठरले.

साच्यातला चेंडू

आता कारखान्यात जाऊ. आजचा साधा चेंडू दोन भागांचा असतो: गाभा आणि कवच. ताणलेल्या धाग्याऐवजी भरीव गाभा असलेले असे चेंडू १९७० नंतर लोकप्रिय झाले.

गाभा पॉलिब्युटाडाइन ह्या कृत्रिम रबराचा. त्यात जस्ताचे अ‍ॅक्रिलेट, वजन जमवण्यासाठी झिंक ऑक्साइड आणि साखळ्या एकमेकींत जोडणारे पेरॉक्साइड मिसळतात. हे मिश्रण रुळांमध्ये मळतात, त्याची कांडी काढतात आणि ठराविक वजनाचे तुकडे पाडतात. हे तुकडे तापलेल्या साच्यात दाबले की दीडशे अंशांहून अधिक उष्णतेत काही मिनिटांत रबर पक्के होते. साच्याच्या फटीत आलेली कड काढून टाकतात आणि गाभा घासून अचूक गोल करतात.

मग कवच. येथे खरी कसोटी. साच्याचे दोन अर्धे भाग. आतल्या बाजूस खळग्यांच्या जागी उंचवटे. मधोमध गाभा ठेवायचा, पण तो अधांतरी कसा राहणार? त्यासाठी साच्यातून बारीक खिळे पुढे येऊन गाभ्याला सगळीकडून धरतात. वितळलेले सर्लिन दाबाने आत शिरते आणि गाभ्याभोवती पसरते. ते थिजण्याच्या अगदी आधी खिळे मागे घेतात आणि त्यांच्या जागा भरून येतात. खिळे लवकर मागे घेतले तर गाभा सरकतो. उशीर झाला तर कवचावर भोके राहतात. दादा म्हणाला, “मशीन आमच्याकडचंच हाय की. फरक तेवढ्या खिळ्यांचा आन् साच्याचा.”

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर ह्यानंतर आहे. साचा उघडल्यावर चेंडूच्या पोटावर सांध्याची बारीक रेघ असतेच. ती घासून काढतात. पण पुष्कळ साच्यांत दोन भागांची कड सरळ नसते. ती नागमोडी असते, खळग्यांच्या मधून वाट काढत जाते. त्यामुळे सांधा घासल्यावर खळग्यांच्या गर्दीत तो शोधणे कठीण. वर पांढरा रंग, कंपनीचा छाप आणि शेवटी पारदर्शक थर. मी हे वाचून दाखवल्यावर बाबांनी चष्मा लावला, चेंडू खिडकीशी धरला आणि दहा मिनिटांनी नखाने एक वाकडी वाट दाखवली. “हितनं गेलाय बघ,” म्हणाले. त्यांना झालेला आनंद मी पुष्कळ दिवसांनी पाहत होतो.

मिठाच्या पाण्यातली परीक्षा

गोल्फच्या नियमांनुसार चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. ह्यावरून घनता काढली तर ती पाण्याच्या सुमारे १.१३ पट येते. म्हणजे चेंडू साध्या पाण्यात बुडतो, पण पुरेसे मीठ विरघळवले तर तरंगतो. गाभा अगदी मधोमध नसेल तर तरंगताना चेंडूची हलकी बाजू दर वेळी वर येते.

आम्ही एका बरणीत मीठ विरघळेना इतके घातले आणि चेंडू सोडला. वर आलेल्या जागी पेनाने ठिपका केला. चेंडू फिरवून पुन्हा सोडला. ठिपका हळूहळू वर आला. पाच वेळा केले, पाचही वेळा तेच. बाबा म्हणाले, खालच्या बाजूला कवच जाड असणार, म्हणून ती जड. दादाने चेंडू शेगड्यात पकडून ठिपक्यावरून करवतीने दोन तुकडे केले. (येथे एक सूचना: धागा गुंडाळलेल्या जुन्या चेंडूंपैकी काहींच्या पोटात दाबाखाली द्रव असतो. ते कापताना डोळ्यांना इजा झाल्याची उदाहरणे आहेत. कोणीही हौसेने चेंडू कापू नये.) व्हर्नियर लावून पाहिले तर ठिपक्याच्या बाजूला कवच १.९ मिलिमीटर आणि समोरच्या बाजूला १.६. म्हणजे जाड बाजू वर होती. बाबा बुचकळ्यात पडले. कारण असे की, झिंक ऑक्साइड मिसळलेला गाभा पाण्यापेक्षा जड, तर सर्लिन पाण्याहून किंचित हलके. जेथे कवच जाड तेथे गाभा कमी, म्हणून ती बाजू हलकी. कौलात जाड बाजू जड असते, कारण सगळे कौल एकाच मातीचे.

वाणिज्याच्या वहीत हा चेंडू

आता माझ्या विषयाकडे येतो. कवच दीड मिलिमीटर जाड धरले आणि खळग्यांचा हिशोब सोडून दिला तर त्याचे घनफळ सुमारे ८ घन सेंटिमीटर येते. म्हणजे साधारण पावणेआठ ग्रॅम. पूर्ण चेंडूच्या वजनाचा जेमतेम सहावा हिस्सा. आता ही जाडी चुकून केवळ ०.१ मिलिमीटरने वाढली, तर प्रत्येक चेंडूमागे अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक सर्लिन जास्त जाते. एका लाख चेंडूंमागे पंचावन्न किलो. वजनाची मर्यादा, उडण्यातला फरक, परत येणारा माल हे सगळे वेगळेच.

आपण प्रक्रिया परिव्यय शिकतो तेव्हा ‘सामान्य हानी’ आणि ‘असामान्य हानी’ हे शब्द पाठ करतो. ह्या चेंडूत त्यांचा अर्थ दिसतो. साच्याच्या नळ्यांत थिजलेले सर्लिन दळून काही प्रमाणात पुन्हा वापरता येते. त्या हानीला काही तरी मोल मिळते. बिघडलेला गाभा मात्र खापर झालेला असतो. त्याचे पुन्हा रबर होत नाही. म्हणून दोष जितका आधी सापडेल तितका तोटा कमी. कवच चढवल्यावर सापडलेला दोष म्हणजे गाभ्यावरची सगळी मेहनत बुडाली. मोठ्या कारखान्यांत गाभ्यांची क्ष-किरणांनी तपासणी करतात ती ह्याचसाठी.

दुसरा मुद्दा साच्याचा. शेकडो खळगे कोरलेला अचूक साचा हा स्थिर खर्च. तो हजार चेंडूंवर वाटला तर चेंडू कोणीच घेणार नाही. लाखोंवर वाटला तरच परवडतो. आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणात गोल्फच्या चेंडूला ९५०६.३२ असा स्वतंत्र क्रमांक आहे. एवढ्याशा वस्तूचा जगभर एवढा व्यापार चालतो, हेच त्यावरून कळते.

तिसरा मुद्दा असा की, उत्तम कवच कोणते ह्याला एकच उत्तर नाही. सर्लिन टिकाऊ, पण कडक; खेळाडूला जवळच्या फटक्यात जी फिरकी हवी ती त्यावर कमी मिळते. म्हणून पॉलियुरेथेनचे मऊ कवच आले. त्याच्या एका प्रकारात दोन द्रव मिसळून साच्यातच त्यांची रासायनिक क्रिया घडवतात आणि एक मिलिमीटरहूनही पातळ कवच बसवतात. हे कवच खापराच्या जातीचे. पुन्हा वितळत नाही. २००० साली टायटलिस्ट कंपनीचा असा कवचाचा ‘प्रो व्ही वन’ चेंडू बाजारात आला आणि थोड्याच काळात व्यावसायिक खेळाडूंनी धाग्याचे चेंडू सोडून दिले. नवशिक्याला मात्र आजही सर्लिनचाच चेंडू बरा, कारण तो स्वस्त आणि मार सोसणारा.

जे खातेवहीत येत नाही

हे सगळे लिहिताना माझ्या मनात रॉबर्टसनचे दुकान घोळत होते. पिसांवर पोट असलेल्या त्या माणसाला गटापर्चा का नकोसा झाला असेल, हे मला पुस्तकापेक्षा घरातच जास्त कळले. खानापूरच्या मातीची कौले एके काळी लांबलांबच्या गावी जात. मग सिमेंटचा स्लॅब आला, पत्रा आला. बाबांच्या कारखान्याची एक भट्टी बंद झाली, मग दुसरी. शेवटच्या दिवशी मशीन भंगारात वजनावर गेले. बाबा त्या मशीनच्या जागी जे होते ते घेऊन घरी आले. कोणत्या पावसानंतर कोणत्या शेतातली माती घ्यावी, सुकताना कौल किती आकसते, साच्याला तेल किती लावावे, भट्टीची आच रंगावरून कशी ओळखावी. ह्याला भंगाराचाही भाव नव्हता.

मी रागाने म्हणालो, स्लॅबवाल्यांनी तुमचे काम घालवले. तेव्हा बाबा हसले. म्हणाले, “आरं, आमच्या कौलानं कुंभाराची नळीची कौलं घालवलीच की. तवा कुणी रडलं न्हाई.” ते खरे आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि साच्यातले चपटे कौल सगळीकडे पसरले, तेव्हा चाकावर नळे वळणाऱ्या किती घरांचे काम गेले असेल, ह्याची नोंद कोणत्या वहीत आहे? पिसे, चीक, बलाटा, सर्लिन. नळे, कौल, स्लॅब. वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी स्वस्त आणि चांगली वस्तू मिळाली हे नाकारता येणार नाही. गटापर्चामुळेच गरिबाच्या हाती चेंडू आला. पण जुन्या कारागिराचे पुढे काय झाले, हा प्रश्न खर्चाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

तरी मला एक गोष्ट दिसली. टॉम मॉरिस पिसांचा चेंडू करायला शिकला होता. गटापर्चा आल्यावर त्याचे पिसांचे कसब गेले, पण चेंडू कसा असावा हे त्याला ठाऊक होते आणि त्यावर त्याचे नवे दुकान चालले. बाबांनी आयुष्यात गोल्फ पाहिलेला नाही. तरीही चेंडू हाती येताच त्यांनी पहिला प्रश्न सांध्याचा विचारला, आणि सर्लिनचा साचा करणाऱ्यालाही पहिला प्रश्न तोच पडतो. दादाच्या कारखान्यात साचे बाहेरून येतात. सांधा उमटला, आकसणे चुकले, की साचा परत पाठवायचा आणि आठवडाभर मशीन थांबवायचे. एका रविवारी दादाने त्याच्याकडचा बिघडलेला एक नग घरी आणला. बाबांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “हितं माल उशिरा पोचतोय. वाट बारीक पडली.” दादाने दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगितले. तेथल्या मिस्त्रीचेही तेच मत निघाले.

एवढ्यावरून बाबांना कोणी नोकरी देईल असे नाही. त्यांचे वय झाले. पण खानापुरात खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था आहे आणि बेळगावच्या उद्यमबागेत साच्यांवर चालणारे कारखाने आहेत. ह्या दोहोंच्या मध्ये पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता आहे, पण एकाची माणसे दुसरीकडे जाताना मी पाहिली नाहीत. आपल्या महाविद्यालयाची शैक्षणिक सहल दर वर्षी कोठे ना कोठे जाते. प्राध्यापकांना विनंती आहे की, ह्या वर्षी वाणिज्य आणि विज्ञान शाखांनी मिळून सकाळी खानापूरची संस्था आणि दुपारी उद्यमबागेतला एखादा कारखाना पाहावा. माती आणि प्लास्टिक दोन्ही साच्यात कसे आकसतात हे एकाच दिवशी पाहता येईल, आणि प्रक्रिया परिव्ययाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

कन्नड विभागातल्या मित्रांसाठी हाच लेख मी कन्नडमध्येही लिहायला घेतला होता. पहिल्याच ओळीत एक सोय दिसली. ‘चेंडू’ हा शब्द बदलावाच लागत नाही. तो दोन्ही भाषांत सारखाच आहे. ‘कवच’ही तसाच. कौलाचे मात्र ‘हंचु’ होते आणि साच्याचा ‘अच्चु’. हे दोन्ही शब्द मला बाबांकडून कळले. त्यांच्या कारखान्यात साच्यावर मराठी आणि कानडी दोन्ही माणसे होती, आणि सांधा चुकला की ओरडा दोन्ही भाषांत बसे.

कापलेल्या चेंडूचे दोन्ही तुकडे आमच्या खिडकीत ठेवले आहेत. शेजारी बाबांनी कारखान्यातून आणलेले एक शेवटचे कौल आहे. सहलीला जाण्याचे ठरल्यास तिन्ही वस्तू पाहायला आणून देईन. सांधा शोधायला बाबाही यायला तयार आहेत.